चार बोटं कमी पडलेलं पाऊल

हे मी सहा-सात वर्षं कुणाला सांगितलं नाही. सांगायची वेळ आली की उठून वाडीत पाणी सोडायला जायचो, नाहीतर गुडघा धरून बसायचो. गुडघा खरोखरच दुखतो, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. आता बहात्तर सरली. ज्या मुलीला मी पळायला शिकवलं आणि जिची सैन्यभरती माझ्यामुळे पाच सेकंदांनी हुकली, ती परवा पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली, हसली, आणि मी पुन्हा भलतंच काहीतरी बोललो. तोंडाने जमत नाही असं दिसतं, म्हणून लिहितो आहे.

सगळं सरळच करायचं तर आधी एक लहान गोष्ट. नवापूरपासून बोईसरपर्यंत लोक मला फौजी म्हणतात, आणि मी लढाई मारून आलोय असं बरीच वर्षं समजत होते. मी लढाई पाहिलेली नाही. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी हवालदार झालो आणि बहुतेक सगळा काळ नव्या रंगरुटांना कवायत आणि पळणं शिकवण्यात गेला. आम्हाला उस्ताद म्हणत. डोंगरावरची लढाई झाली तेव्हा मी निवृत्त होऊन बोईसरच्या एका कारखान्याच्या गेटवर पहाऱ्याला बसत होतो. रोज पेपरात शहिदांची नावं यायची आणि मी गेटवरच्या स्टुलावर बसून ती वाचायचो. त्यातली दोन नावं मी पळवलेल्या पोरांची होती.

त्या लढाईतून परतलेला, नाईक झालेला माझा एक रंगरूट पुढे मला शोधत गेटवर आला. चहा पिताना म्हणाला, "उस्ताद, तुम्ही सगळे चक्कर झाल्यावर आणखी एक मारायला लावायचात. आम्ही तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालायचो. तो जास्तीचा चक्कर वरती कामाला आला." या एका वाक्यावर मी किती वर्षं काढली ते माझं मला माहीत. गेटची नोकरी संपल्यावर मी नवापूरच्या किनाऱ्यावर पोरांना भरतीसाठी पळवायला लागलो, ते त्याच वाक्याच्या जोरावर.

आमच्या मैदानाचं वेळापत्रक समुद्र ठरवायचा. पुनवेला आणि अवसेला सकाळी सहाच्या सुमाराला पाणी लांब आत जातं आणि मागे टणक, सपाट वाळू राहते. त्यावर पळण्यासारखं सुख नाही. अष्टमीच्या आसपास त्याच वेळी पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असतं. त्या दिवशी बैठका, जोर आणि एकमेकांना पाठीवर घेऊन चालणं. शहरातल्या पोरांना घड्याळ बघून उठावं लागतं. माझी पोरं तिथी विचारून झोपायची. मासवणकडून चार जण पहिल्या टेम्पोने यायचे, त्यांना समुद्राचं गणित शिकायला महिना लागला. एकदा ते अष्टमीला पळायच्या तयारीने आले आणि लाटेकडे बघत उभे राहिले. "मैदान कुठं गेलं?" त्यांच्यातल्या एकाने विचारलं. पोरी हसून वाळूत बसल्या.

एकूण पंधरा जण होते, त्यात तीन मुली. मी ज्या मुलीबद्दल लिहितोय ती गावातलीच, कोळीवाड्यातली. उंच, सावळी, हसली की सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाणारी. वय विसाच्या पुढे सरकलेलं, म्हणजे भरतीच्या अटीप्रमाणे तिला एकच संधी उरली होती. हे तिला माहीत होतं, मलाही.

मुलींना सोळाशे मीटर आठ मिनिटांत पळायचं होतं. मी ठरवलं, किनाऱ्यावर आठशे मीटर मोजायचं, दोन्ही टोकांना बांबूची काठी रोवायची, एक जाणं आणि एक येणं. मोजायचं कसं, हा प्रश्नच माझ्या डोक्यात आला नाही. फौजेत कवायतीचं पाऊल तीस इंचांचं असतं. आमच्या भाषेत तीन वीत आणि वर चार बोटं. रंगरुटांची पावलं काठी लावून मोजण्यात माझं आयुष्य गेलेलं. मी छाती पुढे काढली आणि सुरूच्या बनापासून उत्तरेकडे चालायला लागलो. एक हजार पन्नास पावलांवर दुसरी काठी रोवून परत आलो.

ती मुलगी म्हणाली, "काका, मोबाईलवर पण अंतर मोजता येतं. मी जाऊन येऊ का टोकापर्यंत?"

"मोबाईल पिशवीत ठेव. मैदानावर मोबाईल चालणार नाही."

"एकदा ताळा करते फक्त."

"माझं पाऊल सरकारी माप आहे. चोवीस वर्षं तेच टाकलंय."

"तेवा तुमी तरणे होते, काका."

सगळे हसले. मी तिला वीस बैठका सांगितल्या. तिने पंचवीस मारल्या. म्हणाली, "वरच्या पाच तुमच्या गुडघ्यासाठी."

खरं तर तिथेच तिने मला वाट दाखवली होती. मी तिला बैठका दिल्या.

ते चार-पाच महिने माझ्या म्हातारपणातले सगळ्यात आनंदाचे. पळून झालं की पोरं पाण्यात उड्या मारायची. कुणी उकडलेली अंडी आणायचं, कुणी काकड्या. मी ओरडायचो आणि कुणी मनावर घ्यायचं नाही, कारण ओरडताना मलाच हसू यायचं. तिची आई टोपली घेऊन बोईसरच्या बाजाराला निघाली की वाटेत बंधाऱ्यावर थांबायची आणि तिथूनच बोलायची. बाजूला बांबूवर बोंबील वाळत घातलेले असायचे.

"फौजी, बोंबील वाळवतो आमी, तुमी पोरी वाळवता," ती म्हणायची. "किती गं बारीक झाली माझी पोर. लग्नाला कोण बघल हिला?"

"आये, तू जा. गिऱ्हाईक वाट बघतंय."

"गिऱ्हाईक जातंय कुठं. पळ तू, बघते मी. काल टीव्हीवरची बाई तुझ्यापेक्षा चांगली पळत होती."

आणि पोर अशी सुटायची की पायाची वाळू मागे उडायची.

त्याच दिवसांत, फेब्रुवारीत, सीमेवर गोळाबारी सुरू झाली. टीव्हीवर दिवसभर विमानं. किनाऱ्यावर पोलीस फेऱ्या मारायला लागले, होड्यांना लांब जाऊ नका म्हणून सांगितलं गेलं. माझ्याकडे येणाऱ्या पोरांची संख्या आठवड्यात दुप्पट झाली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पंधरावर आली. सुरुवातीला पोरं अंगात वारं शिरल्यासारखी आली, मग आया येऊन त्यांना घेऊन गेल्या. तिची आईही आली. त्या दिवशी तिने टोपली खाली ठेवली आणि वाळूत बसली.

"फौजी, आमच्या घरातला एक माणूस सरहद्दीनं चार वर्षं ठेवून घेतला," ती म्हणाली. "आता दुसरं माणूस मी हातानं देऊ?"

ते मला ठाऊक होतं. मुलीचा बाप गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. पाण्यावर रेघ कुठे असते? बोट पलीकडे गेली, तिथल्यांनी पकडली, चार वर्षं तिथल्या तुरुंगात. परत आला तो हडकलेला, कमी बोलणारा. तुरुंगात अंग आखडून जाऊ नये म्हणून तो बराकीभोवती फेऱ्या मारायचा. घरी आल्यावरही रोज सकाळी अंगणात फेऱ्या मारतो, एकशे दहा. मी एकदा विचारलं, एकशे दहाच का? म्हणाला, "तेवढ्या झाल्या की भाकरी यायची." लढाई न होताही लढाईची किंमत मोजणारी अशी घरं आमच्या किनाऱ्यावर आहेत. त्यांची नावं पेपरात येत नाहीत.

मुलगी आईजवळ बसली. म्हणाली, "बाबा सुटून आला तेवा सरहद्दीच्या गेटवर त्याला पहिलं पाणी कुणी दिलं?"

आई टोपलीवरचं फडकं नीट करायला लागली.

"वर्दीतल्या बाईनं दिलं. बाबा अजून सांगतो. मला ती बाई व्हायचं हाय, आये. गोळ्या घालायला कुठं चालले मी."

आई अंगावरची वाळू झटकत उठली. मग टोपली उचलायला हात घातला आणि मला म्हणाली, "फौजी, जरा हात लावा. हिला काय सांगून उपयोग नाय, बापावर गेलीय." मी टोपली डोक्यावर चढवून दिली. त्या क्षणापासून त्या मुलीची भरती ही माझीच भरती झाली.

मेहनतीला फळ येत गेलं. नऊ मिनिटं, साडेआठ, आठ. भरतीला पंधरा दिवस उरले असताना तिने आमचं अंतर सात मिनिटं सतरा सेकंदांत काढलं. पोरांनी तिला उचलून पाण्यात टाकलं, मग मलाही. चप्पल लाटेबरोबर गेली ती मिळाली नाही. संध्याकाळी तिच्या आईने आमच्या घरी कोळंबीचं कालवण पाठवलं.

तीन दिवसांनी, सकाळी पोरं गेल्यावर, मी काठ्या सरळ करायला किनाऱ्यावर गेलो. बंधारा वाढवायचं काम निघालं होतं आणि ठेकेदाराचा माणूस लांब दांड्याचं चाक ढकलत अंतर मोजत होता. माझ्या काठीशी थांबला.

"चाचा, ये बांस आपका है?"

"हां. आठ सौ मीटर. उधर के बांस से."

त्याने चाकावरचा आकडा बघितला. "सात सौ बीस है, चाचा."

"गलत है."

"चलो, साथ में चलते हैं," तो म्हणाला. माणूस सभ्य होता. आम्ही दोघे बनापर्यंत परत गेलो, आकडा शून्य केला, आणि पुन्हा काठीपर्यंत चालत आलो. सातशे वीस.

तो गेल्यावर मी मागे वळून बघितलं. ओल्या वाळूत त्याच्या चाकाची रेघ होती आणि शेजारी माझी पावलं. मी खाली बसलो आणि वीत लावली. एक, दोन, तीन. चौथ्यांदा हात ठेवायला जागाच नव्हती. चार बोटं गेली होती. डाव्या पायाचा ठसा तर पुढे ओढल्यासारखा लांबट होता. घरी आल्यावर बायकोला विचारलं, मी पाय घासत चालतो का? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "वर्षभर सांगतेय. तुमची डावी चप्पल आधी झिजते. तुम्हाला ऐकायचं नसतं."

दोन्ही बाजू मिळून एकशे साठ मीटर कमी. माझी पोरं सोळाशे नाही, चौदाशे चाळीस पळत होती. भरतीला बारा दिवस होते. बारा दिवस पुष्कळ असतात. तिच्यासारख्या मुलीला तर नक्कीच.

दुसऱ्या दिवशी पोरं यायच्या आधी मी काठी ऐंशी मीटर पुढे नेऊन रोवली. सांगितलं कुणालाच नाही. ती पळाली आणि तिला आठ मिनिटं सात सेकंद लागले. ती वाळूत बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर. रडली नाही, पण आवाज बसला होता. "काका, आज पाय जड झाले. काय झालं काय कळत नाय."

मी तोंड उघडलं होतं. खरं सांगतो, उघडलं होतं. पण भोवती ती चौदा पोरं उभी होती, माझा शब्द प्रमाण मानणारी. त्यांच्यासमोर मी म्हणणार होतो की माझं सरकारी माप खोटं निघालं, आणि जिने ताळा करू का म्हणून विचारलं तिला मी बैठका मारायला लावल्या. मी म्हणालो, "वाळू फार ओली आहे आज. सगळ्यांचाच वेळ जाईल."

आणि खरोखर सगळ्यांचाच वेळ गेला, त्यामुळे सगळ्यांना पटलं.

त्या संध्याकाळी मी काठी पुन्हा जुन्या जागी आणली. मनाची समजूत घातली की भरतीच्या तोंडावर पोरीचा धीर खचायला नको. पक्क्या मैदानावर वाळूपेक्षा वेगात पळता येतं, तेवढ्यात भरून निघेल. दुसऱ्या दिवशी ती सात मिनिटं पंधरा सेकंदांत आली आणि वाळूत नाचली. मी टाळ्या वाजवल्या. बाकीच्या दहा दिवसांत मी दुसरं काहीच केलं नाही.

भरतीला तिच्याबरोबर मी गेलो. आईला बाजार सोडता येत नव्हता आणि बापाला वर्दीवाल्यांची गर्दी सोसत नव्हती. मी कुंपणाबाहेर इतरांच्या आईबापांत उभा राहिलो. चारशे मीटरचं मैदान, चार फेऱ्या. तिसरी फेरी संपली तेव्हा ती पहिल्या चौघींत होती. चौथी फेरी अर्धी व्हायच्या आधीच तिने जोर लावला. मी तिला शिकवलं होतं, शेवटच्या शंभर मीटरला सगळं सोडून द्यायचं. शरीर अंतर पाठ करतं, डोक्याला विचारत नाही. तिच्या शरीराने पाठ केलेली काठी जवळ आली होती म्हणून ती सुटली, बाकी तिघींच्याही पुढे गेली. पण ती जिथे थांबायला शिकली होती तिथून रेघ अजून एकशे साठ मीटर लांब होती. तिथून पुढे कुणीतरी तिचे पाय काढून घेतल्यासारखी ती पळाली.

आठ मिनिटं पाच सेकंद.

परतीच्या एसटीत तिने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "खा, काका. सकाळपासून उपाशी हाय तुमी." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मीच शेवटी घाबरले. एवढ्या पोरी बघून घाबरले."

मी म्हणालो, "होतं असं."

त्या दोन शब्दांचं ओझं मला त्या एकशे साठ मीटरांपेक्षा जास्त वाटतं.

नंतर तिने किनाऱ्यावर यायचं सोडलं. मी काठी खऱ्या जागी रोवली आणि पोरांना सांगितलं, आता अंतर वाढवतोय, दम वाढायला हवा. पुढच्या भरतीत त्यातले चौघे निवडले गेले. गावाने माझा सत्कार केला, शाल घातली. ती आईबरोबर मागच्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती.

पण ती बसून राहणारी मुलगी नव्हती. शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम केला, बोईसरकडच्या एका शाळेत शिक्षिका झाली, एका बोटमालकाच्या मुलाशी लग्न केलं. सासर गावातच, चार घरं पलीकडे, त्यामुळे आईची बंधाऱ्यावरून बोलायची सोय राहिली. मी तिच्या लग्नात सांगायचं ठरवलं होतं. लग्नात असलं कोण सांगतं? मग बारशात ठरवलं. बारशात तिने मुलगी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "हिचे पाय बघा, काका. पळणार हाय." मी पाय बघत बसलो.

मागच्या मे महिन्यात सीमेवर पुन्हा तणाव वाढला. तारापूरच्या बाजूला भोंगा वाजवून हवाई हल्ल्याचा सराव घ्यायचं ठरलं. आमच्या गावातल्या बायकांना समजवायचं काम तिच्या शाळेकडे आलं आणि तिने मला बरोबर घेतलं. मासळीबाजारात जमलेल्या बायकांसमोर मी उभा राहिलो.

"भोंगा वाजला की जिथे असाल तिथे पालथं झोपायचं," मी म्हणालो.

"आणि टोपली?" तिच्या आईने विचारलं.

"टोपली राहू द्या बाजूला."

"मांजरं पण झोपणार हायत काय?"

"आये, टोपलीवर झाकण ठेव आणि झोप," मुलगी म्हणाली.

"फौजी, तुमी आधी झोपून दाखवा. लढाईत झोपला असाल ना कितीदा."

मी झोपलो. झोपलो तो गुडघ्याने उठू देईना. चौघी बायका मला उठवायला आल्या, त्यांतल्या एकीला हसू आवरेना म्हणून तिने मला सोडलं आणि मी पुन्हा पालथा. त्या ओल्या लादीवर गाल टेकलेल्या अवस्थेत माझ्या तोंडून निघून गेलं, "मी लढाईत नव्हतो गं. मी फक्त पोरांना पळवायचो."

मग तिची आई म्हणाली, "नसाल. झोपता तर झकास." आणि सगळा बाजार हसला. मला इतकं हलकं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. एक खोटं सुटलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. त्या दिवशी वाटलं, दुसरंही सुटेल.

गंमत अशी झाली की सरावात बायकांच्या लक्षात आलं, झोपणं सोपं आहे, उठणं अवघड. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे. मुलगी म्हणाली, "ज्यांना उठता येत नाय त्यांनी उद्यापासून किनाऱ्यावर या." दुसऱ्या दिवशी अकरा बायका आल्या. महिन्याभरात तीस झाल्या. मासे विकणाऱ्या, कारखान्यात पाळीला जाणाऱ्या, वाडीत काम करणाऱ्या. काष्टा घट्ट मारून पळतात. पळताना भाव, सुना, सासवा सगळ्यांवर बोलणं चालू असतं आणि तरी दम लागत नाही. मी आता काही शिकवत नाही, बंधाऱ्यावर बसतो. एकदा तिचा बाप अंगणातल्या फेऱ्या सोडून माझ्या शेजारी येऊन बसला आणि बायकोला पळताना बघून हसला. दात दिसतील असा हसताना मी त्याला पहिल्यांदा बघितला.

पण रोज नव्या बाईला ती काठ्या दाखवते तेव्हा मी वाळू उकरत बसतो. "इथून तिथपर्यंत आठशे," ती सांगते. "काकांनी पावलं टाकून मोजलंय. मी मोबाईलवर ताळा केला, तंतोतंत येतं. याला म्हणतात फौजी पाऊल." आणि कुणी मध्येच थांबली की म्हणते, "घाबरू नको. मी एकदा शेवटी घाबरले, पाच सेकंदांनी राहिले. माझ्यासारखं करू नको." सात वर्षं ती स्वतःच्या न झालेल्या भित्रेपणाचा धडा दुसऱ्यांना देते आहे, तोही हसत. तिच्या मुलीलाही एक दिवस हाच देईल.

परवा नारळी पौर्णिमा झाली. सकाळी पाणी लांब आत गेलेलं, वाळू टणक. बायकांनी शर्यत ठेवली होती, सोळाशे मीटर, नंतर नारळीभात. शिट्टी मी वाजवली. तिची आई आठवी आली आणि पहिल्या आलेल्या बाईला म्हणाली, "तुला घरी काय काम नसतंय, म्हणून." तिच्या नातीने पळणाऱ्यांच्या पायांमधून मध्येच धाव घेतली आणि दोघी बायका तिला चुकवताना पडल्या. पडून झटकन उठल्या, आणि उठता आलं म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मुलगी बोलायला उभी राहिली. पाच सेकंदांची गोष्ट सांगितली. म्हणाली, "मी कच्ची निघाले, पण माझे उस्ताद पक्के होते." तिने माझ्या हातात माईक दिला आणि वाकून नमस्कार केला.

मी आठवडाभर घरी बोलून बघितलं होतं. बायकोला सगळं सांगितलंही होतं. ती म्हणाली होती, "बोला आणि मोकळे व्हा, पोर रागावली तर दोन दिवस रागावेल." समोर तीस बायका होत्या, घामाने चमकणाऱ्या, भाताची वाट बघणाऱ्या. तिचा बाप होता. ती वर बघत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हणालो, "दम चांगला आहे सगळ्यांचा." त्यांना तेवढंच भाषण हवं होतं. हसत, ढकलाढकली करत सगळ्या पानांकडे गेल्या, आणि ती मला हाताला धरून पहिल्या पंगतीत घेऊन गेली.

जे बोलायचं होतं ते असं होतं. पोरी, तू घाबरली नव्हतीस. माझं पाऊल चार बोटं कमी पडत होतं, म्हणून मी तुला सोळाशेच्या जागी चौदाशे चाळीसच पळवलं. हे मला बारा दिवस आधी कळलं होतं. मी काठी पुढे नेली, तुला दमलेली बघितलं, आणि पोरांसमोर माझं हसं होऊ नये म्हणून परत आणली. एसटीत तू स्वतःला दोष दिलास तेव्हा मी तुझी भाकरी खाल्ली आणि होतं असं म्हणालो. ते पाच सेकंद तुझे नव्हते, माझे होते. मला माफ कर.